तळ्यातल्या अर्काला माप द्या
(मत्स्यव्यवसाय आयुक्तांना खुले पत्र)

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शेततळ्यातल्या झिंग्यांसाठी वापरायच्या पेंडी आणि अर्क यांचं तपासलेलं माप मराठीत मिळण्याबाबत.



मी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यातला शेतकरी. वावरात थोडी पऱ्हाटी, थोडी तूर आणि संत्र्याची बाग आहे. बागेच्या पाण्यासाठी ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून मी तळं खोदलं : ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल. तळाला प्लास्टिक नाही. आमच्या काळ्या मातीत पाणी तसंच टिकून राहतं. पावसाळ्यात तळं भरलं की रिकामं पाणी पाहवत नाही, म्हणून त्यात कटला-रोहूचं बीज सोडलं आणि त्याच्या जोडीला मोठ्या जातीच्या झिंग्यांची दीड हजार पिल्लं. किनाऱ्यावर याला कोळंबी म्हणतात. आम्ही झिंगाच म्हणतो.

किनाऱ्यापासून एवढ्या दूर झिंगा कसा, असं अनेकजण विचारतात. ही जात गोड्या पाण्यात वाढते. फक्त तिच्या अळ्यांना पहिले काही आठवडे मचूळ पाणी लागतं, म्हणून बीज किनाऱ्याकडच्या केंद्रातून आणावं लागतं. जुलैत पिल्लं सोडायची आणि थंडीनं पाणी गार होऊन त्यांची वाढ थांबायच्या आत, डिसेंबरच्या सुमारास, काढायची. आमच्यासारख्या पावसाळी तळ्याला हे वेळापत्रक नेमकं बसतं. मार्चनंतर तळ्यातलं पाणी कमी झालं तरी पीक हातातून जात नाही.

मी चुकत चुकत जे शिकलो, त्यातून निघालेली एक मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. आपल्या खात्याकडून मला अनुदान नको आहे. मला आकडे हवे आहेत.

पहिल्या वर्षी डिसेंबरात जाळं ओढलं तेव्हा दीड हजारांतले मूठभर झिंगे हाती आले आणि त्यांच्यासोबत हातभर लांबीचे दोन मरळ. पावसात नाल्याचं पाणी धुऱ्यावरून तळ्यात शिरलं होतं आणि त्याच्याबरोबर मरळ, मांगूर, बारीक रानमासे आत आले होते. त्यांनी माझी पिल्लं वेचून खाल्ली. शेजारच्या गावातले एक भोई समाजातले वयस्कर गृहस्थ जाळं ओढायला मदतीला होते. त्यांनी मरळ उचलून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, पिल्लं टाकायच्या आंधी मोहाची पेंड टाकाची रायते. कोणं सांगतलं नाई का तुमाले?”

खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी पेंडीची माहिती गोळा केली. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर जी पेंड उरते, तिच्यात सुमारे ४ ते ६ टक्के सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस येतो तो याच कुळातल्या द्रव्यामुळे. हे द्रव्य पाण्यात उतरलं की माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा बिघडते, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. झिंग्याच्या रक्तात तांबड्या पेशीच नसतात. त्याचं रक्त तांब्याच्या अंशामुळे निळसर असतं आणि प्राणवायू वाहणारं द्रव्य त्यात विरघळलेलं असतं. म्हणून माशाला मारणारं सॅपोनिनचं माप झिंगा सहन करू शकतो. किनाऱ्यावरचे कोळंबी उत्पादक याच कारणासाठी चहाच्या बियांची पेंड वापरतात. चहाच्या पेंडीत सॅपोनिन बरंच जास्त असतं आणि खाऱ्या पाण्यात त्याचा जोरही वाढतो. आमच्या गोड्या पाण्यात ते गणित जसंच्या तसं लागू होत नाही, आणि ती पेंड इकडे मिळतही नाही. आमच्याकडे मोह आहे.

मोहाच्या पेंडीचा आणखी एक गुण म्हणजे ती विष म्हणून पाण्यात जाते आणि खत होऊन उरते. पंधरा-वीस दिवसांत तिचा जोर ओसरतो, मग ती कुजते, पाणी हिरवट होतं आणि त्या हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीव पिल्लांचं पहिलं अन्न होतात. ब्लीचिंग पावडर किंवा एखादं कीटकनाशक ओतून तळं साफ करणाऱ्याला हे दुसरं दान मिळत नाही.

मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात पेंडीचं माप मिळालं : एक मीटर पाण्याला हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे एका घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम. इथूनच माझी अडचण सुरू झाली. माझं तळं हेक्टरात मोजता येत नाही, आणि त्याच्या भिंती उतरत्या आहेत. तळाची लांबी-रुंदी २४ मीटर, वरची ३०. काठोकाठ भरलं तर २,१९६ घनमीटर पाणी. तळाशी मीटरभर पाणी असेल तर ते साधारण ६२५ घनमीटर भरतं आणि पेंड लागते १५६ किलो. दोन मीटर असेल तर पाणी १,३५५ घनमीटर आणि पेंड ३३९ किलो. एका मीटरच्या फरकानं पेंड दुपटीहून जास्त झाली. तळ्याचं नुसतं क्षेत्रफळ धरून पेंड टाकणारा शेतकरी एक तर पैसा पाण्यात घालतो, नाहीतर माप कमी पडून मरळ जिवंत ठेवतो.

मी उन्हाळ्याच्या शेवटी मीटरभर पाणी असतानाच काम उरकलं. पेंड रात्रभर भिजवली, सकाळी तळ्यावर सगळीकडे शिंपडली. काही तासांत मासे वर येऊन तोंड वासू लागले आणि आम्ही ते जाळ्यानं काढले. आमच्या भागात गवळाऊ जातीची जनावरं पाण्यावर मोकळी येतात, म्हणून तळ्याला काटेरी कुंपण घालून तीन आठवडे ती दूर ठेवली. मग जाळीच्या पिंजऱ्यात चार-सहा लहान मासे दिवसभर सोडून पाहिले. ते तगले तेव्हाच झिंग्यांची पिल्लं सोडली. त्या वर्षी डिसेंबरात जाळं जड आलं.

तिसऱ्या वर्षी मी जी चूक केली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलो.

सप्टेंबरात संत्र्यावर कोळशी, म्हणजे काळी माशी, दिसली. मी रासायनिक फवारणी टाळणारा माणूस आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून बागेत निंबोळी अर्क आणि झाडपाल्याचा दशपर्णी अर्कच वापरतो. त्या दिवशी अर्क मारून झाल्यावर टाकीत उरलेलं पाणी बागेच्या कडेला ओतलं आणि टाकी, पंप, नळ्या तळ्याच्या काठावर धुतल्या. मनात शंकासुद्धा आली नाही. कडुनिंबच तर आहे, झाडपाला आहे, त्यानं काय होणार?

तीन दिवसांनी सकाळी काठाला झिंगे लागलेले दिसले. काही अर्धवट कातीत अडकून मेलेले होते, जुनं कवच डोक्यापाशी उकललेलं आणि शरीर आतच राहिलेलं. मी त्या काठावर बराच वेळ बसून होतो. ज्या अर्काचा मला अभिमान होता, त्याचंच पाणी मी माझ्या तळ्यात धुतलं होतं.

पुढे वाचत गेलो तसं उलगडलं. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन किडीला थेट मारत नाही. ते तिचं कात टाकण्याचं अंतर्गत घड्याळ बिघडवतं, अळी नव्या कवचात जाऊ शकत नाही आणि मरते. झिंगाही कात टाकूनच वाढतो. बोंडअळी, कोळशी आणि झिंगा एकाच मोठ्या कुळातले, संधिपाद. किडीला जे बाधतं ते झिंग्याला बाधू शकतं. दशपर्णीची यादी याच नजरेनं वाचून पाहावी : कडुनिंब, करंज, सीताफळ, निर्गुडी, घाणेरी, कण्हेर, रुई, एरंड. शेताच्या धुऱ्यावर हे आमचे मित्र आहेत. तळ्यात हीच मंडळी काय करतील, हे माप ठरवतं, आणि ते माप आम्हाला कोणी दिलेलं नाही.

माझ्या तालुक्याच्या नावातच करंज ऐकू येतो. करंजाच्या बियांनी मासे गुंगवण्याची पद्धत आपल्या रानावनातल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. गेळाची फळं आणि हिंगणाची सालही तशीच वापरली जाते. ते जाणते लोक डोहाचा आकार, पाण्याची ओढ आणि ऋतू पाहून मूठ ठरवत. त्यांच्या हातात माप होतं, ते कागदावर नव्हतं एवढंच. आज त्यातलं अर्धं ज्ञान आमच्यापर्यंत आलं आहे, पाला कोणता हे कळतं आणि मूठ किती हे कळत नाही. आणि वाहत्या नदी-नाल्यात विष टाकून मासे मारणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हेही पेंड विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. स्वतःच्या, बांध घातलेल्या तळ्यात पेंड वापरणं वेगळं. आमच्या कार नदीच्या डोहात ती टाकणं म्हणजे खालच्या गावाची मासोळी आणि पाणी दोन्ही बिघडवणं.

आयुक्त महोदय, निंबोळी अर्क गावोगाव पोचला तो एका आकड्यामुळे. “पाच टक्के” हा शब्द आज विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. निंबोळीची पाच किलो पूड, शंभर लिटर पाणी, रात्रभर भिजत. कडुनिंब तर शेकडो वर्षं अंगणात होता. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत हा आकडा आला, कृषी सहायकांनी तो बांधावर सांगितला, रेडिओवर तो ऐकू आला, आणि झाडाचं औषध झालं. तळ्यातल्या वनस्पतींना असा “पाच टक्के” अजून मिळालेला नाही.

तो मिळाला नाही तर मधली जागा कोण भरतं, हे किनाऱ्यावर घडून गेलं आहे. १९९४ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि कोळंबीची तळी भराभर रिकामी झाली. घाबरलेल्या उत्पादकांनी मिळेल ते औषध पाण्यात ओतलं, त्यात प्रतिजैविकंही होती, जी विषाणूवर चालतच नाहीत. त्या सवयीची किंमत देशाला पुढे अनेक वर्षं मोजावी लागली. २०१६ मध्ये युरोपीय संघानं भारतीय कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं, ते प्रतिजैविकांचे अंश सापडत राहिल्यामुळे. आता लोक वनस्पतिजन्य उपायांकडे वळत आहेत, हे चांगलंच आहे. खाद्यात लसूण, अमोनियासाठी युक्का नावाच्या मेक्सिकोकडच्या झाडाचा अर्क, पाणी तांबूस करायला रानबदामाची पानं, असे अनेक प्रयोग जगभर चालू आहेत. पण त्याच वाटेनं “हर्बल” असं लिहिलेल्या बाटल्याही येतात. अशीच एक बाटली मी विकत घेतली होती. तिच्यावर हिरवं पान छापलेलं होतं. आत कोणती वनस्पती, किती अंश आणि एका घनमीटरला किती मिलिलिटर, यातलं काहीही नव्हतं. ती मी तळ्यात ओतली नाही. ओतणारे दुसरे असतील, आणि त्यांचा दोष नाही.

आमचा आणखी एक प्रश्न गढूळपणाचा. काळ्या मातीचं तळं पहिल्या पावसात चहासारखं होतं, ऊन आत शिरत नाही, पाणी हिरवं होत नाही. आमच्या घरात पूर्वी हंड्यातलं पाणी निवळायला निवळीची बी घासत, आणि शेवग्याच्या बियांची पूडही हेच काम करते. तिच्यातली प्रथिनं मातीचे बारीक कण एकत्र बांधून तळाला नेतात. हंड्याचं माप मात्र दोन हजार घनमीटरला लावता येत नाही, आणि झिंग्याच्या तळ्यात पाणी पिण्याइतकं नितळही नको असतं. किती निवळलं की थांबायचं, याचं उत्तर घरातल्या म्हातारीकडे नाही. ते प्रयोगातूनच येईल.

असे प्रयोग करायला आपल्याला लांब जायला नको. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. वर्धा जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. आणि वर्ध्यातच मगनवाडी आहे, जिथे १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी गावच्या उद्योगांचं अर्थशास्त्र मांडलं आणि झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली. बैलाच्या घाणीतून जास्त तेल कसं निघेल, हा प्रश्न त्यांनी खेड्यातल्या माणसाच्या बाजूनं मोजपट्टी घेऊन सोडवला. आज त्याच मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था काम करते. घाणीतून तेलासोबत पेंड निघते. तेलाचा हिशेब झाला. पेंडीचा हिशेब राहिला आहे.

यात रान वेचणाऱ्या माणसांचंही हित आहे. मोहाचं बी आणि करंजाचं बी, दोन्ही गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत, ती २०१३-१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आहेत. मोहाची पेंड कडू असल्यानं जनावरं खात नाहीत, म्हणून तेल काढून झालं की तिला फारसा भाव उरत नाही. हिरवळीतले किडे-गांडूळ वर काढायला किंवा धुरी द्यायला ती जाते. तळ्यांसाठी तिची प्रमाणित मागणी उभी राहिली, तर उन्हात मोहाखाली बसून बिया फोडणाऱ्या बाईच्या पदरात दोन पैसे जास्त पडतील, आणि मला माझ्याच विदर्भातलं औषध मिळेल.

म्हणून माझ्या मागण्या चारच आहेत.

एक, विदर्भातल्या शेततळ्यांत आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या तलावांत, आमच्या मातीत आणि आमच्या पाण्यात, मोहाच्या पेंडीचे प्रयोग व्हावेत. शेवग्याच्या बीचे आणि खाद्यातल्या लसणाचेही व्हावेत. माझं तळं मी या प्रयोगासाठी द्यायला तयार आहे. जे प्रयोग फसतील त्यांचेही निष्कर्ष जाहीर व्हावेत. दुसऱ्याचं फसलेलं कळलं तर आमचं एक वर्ष वाचतं.

दोन, त्यातून एक पानाचं मराठी पत्रक निघावं. त्यात शेततळ्याच्या प्रमाणित आकारांप्रमाणे आणि पाण्याच्या खोलीप्रमाणे किलोचा तक्ता असावा. पिल्लं सोडण्याआधी काय चालतं, सोडल्यावर काय चालत नाही, किती दिवस थांबायचं, जनावरं किती दिवस दूर ठेवायची, हे मोठ्या अक्षरात असावं. आणि सर्वांत वर एक ओळ असावी : निंबोळी अर्क आणि दशपर्णीचा पंप झिंग्याच्या तळ्यावर धुऊ नये. ही एक ओळ मला दोन वर्षांपूर्वी मिळाली असती तर माझं पीक वाचलं असतं.

तीन, तळ्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतिजन्य मालावर वनस्पतीचं नाव, गुणकारी द्रव्याचं प्रमाण आणि घनमीटरचं माप मराठीत छापणं बंधनकारक व्हावं. पेंडीच्या पोत्यालाही हे लागू असावं. चार टक्क्यांची पेंड आणि सहा टक्क्यांची पेंड यांत दीडपट अंतर आहे, आणि काटा दोन्हींचं वजन सारखंच दाखवतो.

चार, पाण्याचा नमुना आणि मेलेला झिंगा घेऊन शेतकऱ्यानं कुठे जायचं, याची तालुक्याच्या ठिकाणी एक जागा ठरवावी. त्या सकाळी माझ्या हातात बाटलीभर पाणी होतं आणि पुढची वाट माहीत नव्हती.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. विजेत आणि कर्जात त्याचा लाभ मिळेलच. पण शेतीचा दर्जा म्हणजे शेतीसारखी शिफारसही असते. कपाशीच्या प्रत्येक किडीवर किती मिली आणि किती लिटर, हे विद्यापीठ सांगतं. मासोळी आणि झिंगा शेती झाले असतील, तर त्यांच्या वाट्यालाही तेवढाच नेमका शब्द यावा.

झाडपाल्यावर माझा विश्वास कमी झालेला नाही. उलट त्या सकाळनंतर त्याच्या ताकदीबद्दल माझ्या मनात आदर वाढला. ज्याच्यात मारण्याची ताकद आहे त्यालाच औषध म्हणून काही अर्थ आहे, आणि अशा ताकदीला अंदाजानं हात लावू नये.

येत्या हंगामासाठी मोहाच्या पेंडीची पोती पडवीत रचून ठेवली आहेत. वजनकाटा आणला आहे. तळ्याच्या काठाला खोलीच्या खुणा केलेली वेळूची काठी रोवली आहे. माझ्याकडून मोजता येईल तेवढं मी मोजलं. पोत्यावर जो आकडा लिहिलेला नाही, तो आपल्याकडून यावा, एवढीच विनंती.

आपला,
कारंजा (घाडगे) तालुक्यातला एक शेततळेधारक
जि. वर्धा